तार किती ताणायची?



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक’ अशी करून दिली आणि लगेच विषय जाहीर केला, ‘कामाचा ताण आणि कामगिरी’. त्या क्षणी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ताण कसला आणि काम तरी कुठलं, असा तो भाव होता. (हशा) शंका रास्त आहे. पण पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली काही वर्षं विभागप्रमुख होतो. म्हणजे ताण घेतलाही आणि दुसऱ्याला दिलाही. आज मी कुठली यशोगाथा सांगायला आलेलो नाही. माझी एक चूक मला सांगायची आहे. ती समजावी म्हणून आधी थोडी शास्त्राची आणि थोडी विचारांची बैठक लागेल. ती घालतो आणि मग तिकडे वळतो.

‘ताण’ हा शब्द वाईट नाही

आपल्याकडे ‘ताण’ म्हटलं की तो वाईटच, असं आपण गृहीत धरतो. तंबोऱ्याचा विचार करा. मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी जुनी घराणी आहेत. त्यांच्यापैकी कुणाला जाऊन विचारा, की तारेला ताणच नको असेल तर काय कराल? तो म्हणेल, मग भिंतीला टांगून ठेवा, शोभेला बरा दिसेल. तार सैल असेल तर सूर नाही, आणि फार ओढली तर तुटते.

हे उदाहरण माझं नाही, फार जुनं आहे. पाली वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची हकीकत येते. श्रीमंत घरातला, सुखात वाढलेला तरुण. भिक्खू झाल्यावर त्यानं साधनेचा असा सपाटा लावला, की चालून चालून पायांतून रक्त आलं. फळ तर काही मिळेना. तेव्हा त्याच्या मनात आलं की हे सोडावं आणि घरी जावं. बुद्ध त्याच्याकडे गेले. आता इथे लक्ष द्या. त्यांनी उपदेशानं सुरुवात केली नाही. त्यांनी विचारलं, तू घरी असताना वीणा चांगली वाजवायचास ना? सोण म्हणाला, हो. तारा फार ताणलेल्या असल्या की वाजायची? नाही. फार सैल असल्या की? नाही. मग कधी वाजायची? उत्तर सोणच्याच तोंडून आलं. जे त्याला वीणेच्या बाबतीत ठाऊक होतं, ते स्वतःच्या बाबतीत लावायचं राहिलं होतं, एवढंच.

या गोष्टीत आजच्या व्याख्यानाचे दोन्ही भाग आहेत. ताण किती असावा, हा एक. आणि दुसऱ्याला ते कळायला मदत कशी करावी, हा दुसरा. या दुसऱ्यालाच हल्ली ‘कोचिंग’ म्हणतात.

शरीर काय करतं

प्रथम शरीर. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली भीती, राग, वेदना यांच्या वेळी शरीरात काय बदल होतात यावर ग्रंथ लिहिला. धोका दिसला की शरीर लढायची नाहीतर पळायची तयारी करतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे धावतं, पचन मंदावतं, तोंड कोरडं पडतं. आता गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, हातातून गांडीव सुटतं. वर्गात मी गंमतीनं म्हणायचो, की कॅननचा तक्ता समोर ठेवून खुणा करत जा.

पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांचं एक छोटं टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. ते माँट्रियलला उंदरांवर प्रयोग करत होते. थंडी असो, विष असो, जखम असो की अतिश्रम, कारण वेगवेगळं असलं तरी शरीराची प्रतिक्रिया एकाच साच्याची होते, असं त्यांना दिसलं. आधी धोक्याची घंटा, मग तग धरण्याचा काळ, आणि ताण चालूच राहिला तर शेवटी थकून कोसळणं. यातला मधला टप्पा फसवा असतो. माणूस तग धरून असतो तेव्हा बाहेरून तो उत्तम काम करताना दिसतो. ऑफिसात त्यालाच आणखी काम मिळतं. ‘तो करतो ना, त्यालाच द्या.’ (हशा) हसताय म्हणजे इथे तसे बरेच जण बसलेत.

मग कामगिरीचं काय? इथे १९०८ सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. उलट्या यू आकाराचा एक आलेख दाखवतात. ताण वाढतो तशी कामगिरी सुधारते आणि एका मर्यादेनंतर घसरते. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. तो प्रयोग होता उंदरांवरचा. उंदरांनी दोन खोक्यांतला फरक ओळखायचा, चुकले की विजेचा झटका. फरक ओळखायला सोपा होता तेव्हा झटका जितका जोरदार तितके ते लवकर शिकले. फरक बारीक आणि ओळखायला अवघड होता तेव्हा मात्र मध्यम झटक्याला सगळ्यात लवकर शिकले, जोरदार झटक्याला शिकणं लांबलं. माणसांच्या ताणाचा तो प्रसिद्ध आलेख पुढच्या मानसशास्त्रज्ञांनी काढला. डोनाल्ड हेब यांनी १९५५ साली काढलेला त्यातला एक.

मला यातली महत्त्वाची वाटते ती सोप्या आणि अवघड कामाची विभागणी. पाकिटं चिकटवायची असतील तर मागे कुणी उभं राहून ओरडलं तरी कदाचित हात जरा भरभर चालतील. पण जिथे बारीक फरक ओळखायचे आहेत, निदान करायचंय, हिशेबातली चूक शोधायचीय, मुलांना काही समजावून सांगायचंय, तिथे ओरडण्यानं काम बिघडतं. उंदरांवरून माणसांविषयी फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरं. पण आपला अनुभवही हेच सांगतो ना? व्हायवा आठवा. बाहेर व्हरांड्यात सगळं येत होतं!

सारथी, सुईण आणि आचरेकर सर

आता दुसरा भाग, ‘कोच’. हा शब्द मूळचा एका गावाच्या नावावरून आला. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथे पंधराव्या शतकात उत्तम घोडागाड्या बनत. त्या गाडीला त्या गावाचं नाव पडलं, ते युरोपभर पसरलं आणि इंग्रजीत गेलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेनं ‘कोच’ म्हणू लागले. तिथून तो खेळाच्या मैदानावर गेला आणि शेवटी कचेरीत आला.

म्हणजे कोच ही मुळात गाडी आहे. आपल्याला यात लगेच सारथी दिसतो. ‘कृष्ण हा पहिला मॅनेजमेंट गुरू’ वगैरे वाक्यं मला आवडत नाहीत, गीतेला तेवढ्यात बसवू नये. पण दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. एक, कृष्णानं अर्जुनाच्या जागी धनुष्य उचललं नाही. दुसरी, अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो, यावर नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. एवढा अधिकार असलेला गुरू शेवटी निर्णय शिष्याकडे सोपवतो. आपल्याला आपल्या दहावीतल्या मुलाकडे शाखेची निवड सोपवता येत नाही.

ग्रीकांकडे सॉक्रेटिस आहे. त्याची आई सुईण होती. प्लेटोच्या ‘थीएटीटस’ या संवादात तो म्हणतो की मीही आईचाच धंदा करतो, फक्त माणसांच्या मनातले विचार बाहेर यायला मदत करतो. सुईण बाळ स्वतः आणत नाही. ते आईचंच असतं. सुईणीला कळा केव्हा येऊ द्यायच्या, केव्हा धीर द्यायचा आणि केव्हा हात लावायचा, हे कळतं.

आधुनिक काळात हाच विचार एका टेनिस शिक्षकानं पुन्हा मांडला. टिमथी गॉलवे त्यांचं नाव. त्यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक १९७४ सालचं. त्यांना दिसलं, की शिकवताना ‘मनगट असं ठेव, खांदा तसा वळव’ अशा सूचना वाढल्या की खेळाडू अवघडतो. त्याऐवजी त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की चेंडू टप्पा खातो तेव्हा ‘टप्पा’ म्हण आणि रॅकेटवर येतो तेव्हा ‘फटका’ म्हण. खेळाडूचं लक्ष चेंडूवर राहिलं, आतली बडबड थांबली, आणि खेळ सुधारला. त्यांचं सूत्र वजाबाकीचं आहे. अंगी असलेली क्षमता, त्यातून अडथळे वजा केले की उरते ती कामगिरी. आपण क्षमता वाढवण्याच्या मागे धावतो, अडथळे कमी करायचे राहून जातात.

मोटारींच्या शर्यतीत उतरलेले जॉन व्हिटमोर गॉलवेंकडून हे शिकले आणि त्यांनी ते कंपन्यांत आणलं. त्यांच्या १९९२ सालच्या पुस्तकातून चार प्रश्नांची पद्धत जगभर गेली. मराठीत साध्या भाषेत सांगतो. तुला काय हवंय? आत्ता नेमकं काय चाललंय? काय काय करता येईल? त्यातलं तू काय करणार आणि कधी? एवढंच. याचे महागडे वर्ग असतात, तुम्हाला फुकटात सांगितलं. (हशा)

पण नुसते प्रश्न विचारणं म्हणजे कोचिंग, असंही नाही. आपल्या रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण घ्या. शिवाजी पार्कवर सराव संपत आला, की ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करेल त्या गोलंदाजाला नाणं, शेवटपर्यंत कुणी बाद केलं नाही तर सचिनला. सचिन तेंडुलकरनं ती जिंकलेली तेरा नाणी जपून ठेवली आहेत. ही युक्ती बारकाईनं पाहा. मुलगा दमलेला आहे, लक्ष उडायची वेळ आहे. तेव्हा सरांनी ताण वाढवला. पण किती? एका रुपयाचा! हरलास तर जगबुडी नाही, पण जिंकावंसं तर वाटतंय. तार किती ताणायची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जो कोच माणसाला रोज जवळून पाहतो, त्यालाच हे माप कळतं.

एका ‘च’ची गोष्ट

आता मनाकडे येऊ. एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ मूळचा गुलाम. पुढे मुक्त झाला आणि शिक्षक झाला. स्वतः त्यानं काही लिहिलं नाही, शिष्य एरियननं त्याची शिकवण लिहून ठेवली. त्याची पहिलीच विभागणी अशी, की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आणि माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीचं स्वतःचं मत जास्त छळतं.

याच विचारावर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत उभी केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि हा विचार मराठीत आणला. त्यामुळे मराठी वाचकाला एलिस परका नाही. एलिस म्हणतो, इच्छा असण्यात गैर काही नाही, त्रास होतो तो इच्छेचा हट्ट झाला की.

हे मराठीत समजावणं फार सोपं आहे, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘प्रेझेंटेशन चांगलं व्हावं’ ही इच्छा झाली. ‘प्रेझेंटेशन चांगलं व्हायलाच पाहिजे’ हा हट्ट. ‘साहेबांनी नीट बोलावं.’ ‘साहेबांनी नीट बोललंच पाहिजे.’ ‘मला हे जमत नाही.’ ‘मला हे जमणारच नाही.’ एक दिवस प्रयोग करा. मनातल्या मनात जे बोलता ते कागदावर लिहा आणि ‘च’ला गोल करा. गोल केलेलं वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा. परिस्थिती तीच राहते, पण छातीवरचा दगड थोडा हलतो. मी हे विद्यार्थ्यांकडून करून घेतलं आहे आणि स्वतःही करतो. परवा विजेचं बिल चुकीचं आलं तेव्हासुद्धा केलं.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. इथेच थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण आता ती चूक सांगतो.

माझी चूक

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं आणि माणसाचं नाव सांगत नाही. मी विभागप्रमुख होतो. महाविद्यालयाचं मूल्यांकन व्हायचं होतं, समिती येणार होती, फायलींचे ढीग लागले होते. आमच्याकडे एक तरुण प्राध्यापक होता. हुशार, मनापासून शिकवणारा. एका संध्याकाळी तो माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “सर, मला फार ताण आलाय. रात्री तीनला जाग येते. वर्गात उभा राहिलो की शब्द आठवत नाहीत.”

मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि बोलायला लागलो. एपिक्टेटस सांगितला. मार्कस ऑरेलियस सांगितला, की बघ, साम्राज्य सांभाळून छावणीत बसून तो चिंतन लिहायचा. स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगितली. पाऊण तास. माझ्या मते ते माझं एक उत्तम व्याख्यान होतं. तो “हो सर, हो सर” म्हणत राहिला. जाताना नमस्कार करून गेला. मला फार बरं वाटलं. मला बरं वाटलं, त्याला नाही, हे तेव्हा कळलं नाही. दीड महिन्यानं त्यानं राजीनामा दिला.

त्यानंतर सातआठ वर्षांनी एका लग्नात तो भेटला. दुसऱ्या क्षेत्रात गेला होता, बरा होता. जेवताना शेजारी बसलो. मी विचारलं, तेव्हा सोडून का गेलास? तो आधी टाळत होता. मग म्हणाला, “सर, राग मानू नका. त्या टर्मला माझ्याकडे आठवड्याला बावीस तास होते. आई आजारी होती. मला फक्त मंगळवार-शुक्रवारचे सकाळचे दोन तास कमी करून हवे होते, तिला दवाखान्यात न्यायला. ते सांगायलाच आलो होतो. तुम्ही मला मार्कस ऑरेलियस दिलात.”

मंडळी, वेळापत्रक माझ्या टेबलाच्या खणात होतं. माझ्या हातानं लिहिलेलं. पेन्सिलीनं. दोन तास इकडचे तिकडे करायला मला दहा मिनिटं लागली असती. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे मी त्याला शिकवत होतो, आणि जे माझ्या हातात होतं ते मी पाहिलंच नाही. पाऊण तासात मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

ताण कुणाचा, उपाय कुणी करायचा

या प्रसंगानंतर मी या विषयाचं वाचन पुन्हा सुरू केलं, वेगळ्या नजरेनं. ब्रिटनमध्ये १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी होते त्यात. आपली समजूत अशी, की वरच्या साहेबाला जास्त ताण, म्हणून हृदयविकारही त्यालाच. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होतं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं हिशेबात धरूनही त्यातला मोठा फरक उरतच होता. १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू झाला, दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांचा. त्यातून एक धागा पुढे आला, तो म्हणजे आपल्या कामावर आपलं नियंत्रण किती. काम कधी करायचं, कसं करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, यात माझं काही चालतं का?

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हेच सूत्र मांडलं होतं. कामाची मागणी जास्त आणि कामावरची सत्ता कमी, ही जोडी सगळ्यात घातक. मागणी जास्त पण सत्ताही जास्त असेल तर माणूस दमतो, पण शिकतो, वाढतो. आचरेकर सरांच्या सरावात कष्ट प्रचंड होते, पण बॅट मुलाच्या हातात होती. माझ्या त्या सहकाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली तेव्हा शब्द जपून वापरले. तो आजार नाही, कामाशी निगडित स्थिती आहे, असं म्हटलं. कामाच्या जागेवरचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यानं येणारी. म्हणजे नुसतं त्या माणसाकडे बोट दाखवून चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की ताणाची तक्रार घेऊन कुणी आलं, तर तीन ठिकाणी पाहावं आणि क्रम चुकवू नये. आधी कामात पाहा. तास, माणसं, वेळापत्रक, अस्पष्ट सूचना, अपमान. तिथे काही बदलता येतं का? मग शरीरात पाहा. झोप, चालणं, जेवण, श्वास. आणि मग मनात पाहा, त्या ‘च’कडे. तत्त्वज्ञान तिसऱ्या जागी फार उपयोगी आहे. पहिल्या जागी ते लावलं, की अन्याय सोसायला शिकवण्याचं साधन होतं. ज्या कचेरीत माणसं कमी आहेत आणि तिथे दर शनिवारी ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं शिबिर घेतात, तेही सुट्टीच्या दिवशी, त्या शिबिरानं ताण वाढतो. (टाळ्या)

एका फोनची हकीकत

आता हे जमतं कसं, त्याचं एक साधं उदाहरण. माझी भाची बँकेत अधिकारी आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला. “मामा, झोप लागत नाही. नोकरी सोडावीशी वाटते.” जीभ शिवशिवत होती, उपदेश अगदी ओठांवर आला होता. पण लग्नातलं ते ताट आठवलं आणि गप्प बसलो. मग विचारलं, “काय झालं तर तुला बरं वाटेल?”

“टार्गेट बंद झाली तर.”

“ते तू किंवा मी करू शकत नाही. या महिन्यात होण्यासारखं काय?”

जरा थांबून म्हणाली, “रात्री साहेबांचे मेसेज यायला नकोत. आले की मी उत्तर देते, आणि मग झोप उडते.”

“गेल्या आठवड्यात किती आले?”

तिनं फोन बघितला. “अकरा.”

“त्यातले त्याच रात्री उत्तर द्यायलाच हवे असे किती होते?”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, “एक.”

“मग काय काय करता येईल?” तिनं चार मार्ग सांगितले, मी एकही सुचवला नाही. त्यातला तिनं एक निवडला. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगायचं, की रात्रीचं खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलीन, बाकीचं सकाळी नऊला बघते. साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, “अगं, मी विसरायला नको म्हणून सुचलं की टाकून ठेवतो. तू लगेच उत्तर देतेस, म्हणून मला वाटलं तू जागीच असतेस.”

टार्गेट आहेतच. नोकरीही चालू आहे. पण ती झोपते. सगळ्या साहेबांकडून असं उत्तर मिळेल असं मी म्हणत नाही. मी फक्त एवढं सांगतो, की ते मेसेज मोजेपर्यंत तिला ताण ‘सगळ्याचा’ वाटत होता. मोजल्यावर त्याला नाव मिळालं.

प्रश्नोत्तरांतून

वेळ संपत आली आहे, दोन चिठ्ठ्या घेतो.

एका ताईंनी लिहिलंय, “मी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीत विचार करायला वेळच नसतो. त्या क्षणी काय करावं?” ताई, त्या क्षणी विचार करूच नका. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा, पाचसहा वेळा. सावकाश उच्छ्वासानं हृदयाची गती उतरते, कारण शरीराला शांत करणारी मज्जाव्यवस्था जागी होते. हात धुताना करता येतं, आणि हात तर तुम्ही दर थोड्या वेळानं धुताच. पण पाळ्या सलग लागत असतील तर तो प्रश्न श्वासानं सुटायचा नाही. त्यासाठी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, तारखा-तास लिहून, वरिष्ठांपुढे ठेवा. एकटीनं सांगितलं तर तक्रार ठरते, चौघींनी लिहून दिलं तर कागद होतो. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा यांवर परिणाम झाला असेल तर डॉक्टरांकडे जा. ते काम मामांचं किंवा प्राध्यापकांचं नाही.

दुसरी चिठ्ठी. “मी स्वतःच साहेब आहे. माझ्या हाताखालच्यांना ताण येऊ नये म्हणून काय करू?” छान प्रश्न, आणि सही केली नाहीये! (हशा) साहेब, ताण येऊ नये असं म्हणू नका, तार सैल पडेल. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला दहा मिनिटं द्या आणि एकच गोष्ट विचारा, “तुमच्या कामात मी दूर करू शकेन असा अडथळा कोणता?” मग गप्प बसा. पहिल्या आठवड्यात कुणी काही सांगणार नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात कुणीतरी एखादी क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगेल, प्रिंटर, खुर्ची, मंगळवारचे दोन तास. ती त्याच दिवशी करा. पुढचं ती माणसं आपणहून सांगतील.

माझ्या खणातलं ते वेळापत्रक मी निवृत्तीच्या वेळी घरी आणलं. अजून आहे. त्यातले मंगळवार-शुक्रवारचे चौकोन मी नंतर खोडले. त्याचा आता कुणालाच उपयोग नाही, पण खोडले. तुमच्या खणात आज जे आहे त्याचा मात्र उपयोग आहे. उद्या सकाळी एकदा उघडून बघा.